स्वयंपाकघरातल्या दिव्याचा स्विच हलवायचाय: जुन्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठांमधले वाडे आणि बिनालिफ्टच्या जुन्या सोसायट्या यांत मी वायरिंगची कामं करतो. मधूनमधून कोकणातल्या जांभ्याच्या घरांतही जाणं होतं. ‘एवढा स्विच तेवढा इकडे घ्या हो, पाच मिनिटांचं काम आहे’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की उत्तरं एकदाची लिहून काढलेली बरी. दहा वर्षांच्या आतल्या फ्लॅटला यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

स्विचला दोनच तर तारा असतात. दोन फूट सरकवायला अर्धा दिवस कशाला?

दोन तारा शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत असतात. जुन्या घरात बोर्ड उघडला की चार निघतात, कधी सहाही. आपल्याकडे लूप मारत जायची पद्धत आहे. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, एका स्विचवरून पुढच्या स्विचवर जाते आणि न्यूट्रल, म्हणजे ती परत नेणारी, एका सीलिंग रोझवरून (छतावरच्या दिव्याच्या जोडाच्या गोल डबीवरून) पुढच्या रोझवर. त्यामुळे स्वयंपाकघराच्या स्विचच्या एकाच स्क्रूखाली मोरीच्या दिव्याची फेजही अडकवलेली असते आणि देवघरातल्या झिरोच्या बल्बचीही. स्विच उचलून दुसरीकडे नेला तर ही मागची माणसं उघड्यावर पडतात. एका वाड्यात मी स्वयंपाकघराचा स्विच सोडवला आणि तो परत बसवायच्या आत माडीवरून हाक आली, ‘कोणी हात लावला रे? आमची लाइट कशी नाही आली?’ वरच्या बिऱ्हाडाच्या जिन्याचा दिवा खालच्या स्वयंपाकघराच्या स्विचवरून चालत होता आणि हे दोन्ही बिऱ्हाडांना ठाऊक नव्हतं.

पहिला तासभर त्यामुळे कुठली तार कुठे जाते हे शोधण्यात जातो. प्रत्यक्ष हलवायला तेवढा वेळ लागत नाही.

जुन्या घरांत स्विच दाराआड किंवा फ्रिजमागे का असतो? बसवणाऱ्याला कळत नव्हतं का?

त्याला चांगलं कळत होतं. त्याने स्विच बसवला तेव्हा तिथे फ्रिज नव्हता, आणि बऱ्याच घरांत ओटाही नव्हता. चूल किंवा शेगडी जमिनीवर, बाई पाटावर बसलेली, भिंतीला फडताळ आणि मधोमध एक चाळीसचा बल्ब. स्विच लागायचा तो फक्त आत येताना, म्हणून दाराच्या चौकटीलगत. पुढे उभा ओटा आला, गॅस आला, मिक्सर आला, आणि फ्रिजला दाराजवळची जागा मिळाली कारण तेवढीच रिकामी होती. काही घरांत दारच उलटं केलं, म्हणजे बाहेर उघडायचं ते आत उघडायला लागलं आणि स्विच पाखामागे गेला. घरातल्या सगळ्या वस्तूंनी जागा बदलल्या, स्विच मात्र राहिला तिथेच राहिला.

नवी जागा कशी ठरवायची?

यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि नंतर सगळ्यात जास्त पस्तावतात.

मी घरी गेलो की आधी कागदाचा चौकोन कापून देतो, साधारण स्विचच्या प्लेटएवढा. सांगतो, रात्री अंधारात स्वयंपाकघरात शिरा आणि हात आपोआप जिथे जाईल तिथे हा चिकटवा. घरातल्या प्रत्येकाने आपापला वेगळा चिकटवायचा. चार दिवस राहू द्या आणि चालता-बोलता त्यावर हात मारून बघा. चौथ्या दिवशी बहुतेक घरांत दोन कागद गळून पडलेले असतात आणि तिसऱ्याबद्दल एकमत झालेलं असतं. एका घरात सुनेचा कागद आणि सासूबाईंचा कागद समोरासमोरच्या भिंतींवर होते. त्याचं उत्तर टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन जागांवरून लावायची-विझवायची सोय, ते खाली येईलच.

उंचीचा रिवाज जमिनीपासून ४ ते साडेचार फुटांचा आहे. घरात लहान मूल किंवा चाकाच्या खुर्चीतलं माणूस असेल तर साडेतीन फूट धरा, त्यात काही बिघडत नाही. ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच आणि त्यावर दोन फूट टाइल्स असतील तर रिवाजाची उंची नेमकी टाइल्सच्या पट्ट्यात येते. म्हणून जमेल तिथवर ओट्याची भिंत सोडा आणि दाराच्या कडीकडची, नुसत्या गिलाव्याची भिंत निवडा. आत शिरताना हातही तिथेच जातो.

कुठे बसवू नये हे मात्र पक्कं आहे. शेगडीच्या वर नाही आणि सिंकच्या वर नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत स्विचबोर्डाबद्दल हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि न लिहिता कळण्यासारखंही आहे. कुकरच्या शिट्टीची वाफ आणि फोडणीचं तेल मिळून स्विचच्या आत जो तपकिरी चिकटा बसतो, तो एकदा खोलून पाहिलात तर पुन्हा शेगडीवर स्विच मागणार नाही. नळापासून तीन फूट लांब राहावं हा माझा हिशेब आहे. ओल्या हाताने स्विच दाबायची सवय आपल्यापैकी कोणाचीच सुटत नाही, निदान ते अंतर चालताना हात पदराला पुसला जातो.

सिलेंडरच्या शेजारी, जमिनीलगत तर मुळीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो, आणि स्विच दाबला की आत बारीक ठिणगी पडतेच. ओघात सांगतो, गॅसचा वास आला तर कुठल्याही उंचीवरचा स्विच चालूही करू नका आणि बंदही करू नका. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ लावा.

आमच्याकडे कोणतं वायरिंग आहे हे कसं ओळखू?

भिंतीकडे बघा. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या बारीक क्लिपांनी दाबलेल्या तारा दिसत असतील तर ते बॅटन वायरिंग. लाकडाची खोबण आणि वर लाकडाचंच झाकण असेल तर केसिंग-कॅपिंग, त्याचाच पुढे प्लॅस्टिकचा अवतार आला. काहीच दिसत नसेल तर तारा भिंतीतल्या पाइपातून गेल्या आहेत, निदान तशी आशा आहे. मी पाइपाविना थेट गिलाव्यात पुरलेल्या ताराही काढल्या आहेत.

तार कशाची आहे हे बोर्ड उघडल्यावरच कळतं. वर सुती विणीचं आवरण आणि आत काळं रबर असेल तर ती फार जुनी. तिचं रबर इतकं वाळलेलं असतं की वाकवताच बिस्किटासारखं तुटून हातात येतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. अशा तारेला मी हात लावतो तो फक्त काढून टाकायला. पांढरट, एकाच जाड धाग्याची तार असेल तर ती अॅल्युमिनियमची. १९६० ते १९८० च्या दरम्यानच्या पुष्कळ घरांत ती सापडते, कारण तेव्हा तांबं महाग आणि दुर्मिळ होतं. लालसर, बारीक धाग्यांची तांब्याची तार निघाली तर नशीबवान आहात.

रंगांवर फार भिस्त ठेवू नका. लाल फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ हा नियम आहे, पण जुन्या घरात ज्या रंगाचं भेंडोळं शिल्लक होतं ते वापरलेलं असतं.

अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची नवी तार जोडून पुढे नेली तर?

पीळ मारून, टेप गुंडाळून? नाही. अॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्यातून वीज नीट वाहत नाही. तापलं की ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं, असं करत करत जोड ढिला होतो. त्यात ओल लागली की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो, आणि स्वयंपाकघरात ओलीची कमतरता नसते. ढिला जोड म्हणजे उष्णता.

एका घरात गिलाव्यावर, छताच्या हातभर खाली, पोळीवरच्या डागासारखा तपकिरी ठिपका होता. घरमालकांनी त्यावर दोनदा रंग मारला होता आणि तो दोनदा वर आला होता. खरवडलं तर आत असाच जोड निघाला. टेप वितळून काकवीसारखा ओघळला होता आणि बोट लावलं तर कोमट लागत होता. त्या दिव्यावर भार होता फक्त एका ट्यूबचा. पण त्याच तारेवरून पुढे कोणीतरी टोस्टर काढला होता.

अगदीच जोडावं लागलं तर दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर वापरावा, तो उघडता येईल अशा डब्यात बसवावा आणि ते तात्पुरतं समजावं. खरा उपाय म्हणजे मागच्या चांगल्या जागेपासून, शक्यतो डीबीपासून (घराच्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या मुख्य डब्यापासून), तांब्याची नवी तार ओढणं. दिव्यांच्या लाइनीला १.५ चौरस मिलिमीटरची तार पुरते.

हे काम मी स्वतः केलं तर चालेल का? मला टेस्टर धरता येतो.

कायदा इथे एक बारीक रेघ ओढतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरातला बिघडलेला स्विच, फ्यूज, बल्ब किंवा पंखा जागच्या जागी बदलायला परवाना लागत नाही. मात्र वायरिंगमध्ये भर घालणं किंवा फेरफार करणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत आणि परमिट असलेल्या तारतंत्र्याच्या हातूनच व्हायला हवं. थोडक्यात, स्विच बदलणं तुमचं आणि स्विच हलवणं आमचं.

हे मी माझ्या पोटासाठी सांगतोय असं वाटेल, थोडं तसंही आहे. पण जागा ठरवणं, सामान आणणं, झिरी (तारेसाठी भिंतीत कोरलेली खाच) बुजवणं, रंग देणं ही सगळी कामं तुम्ही करू शकता आणि पैसेही तिथेच वाचतात. वायरमनला परमिट विचारायला लाजू नका. चांगला वायरमन रागावत नाही.

मेन बंद केला की सगळं मेलं ना?

जुन्या घरात नाही, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

इन्व्हर्टर असेल तर मेन बंद होताच तो जागा होतो आणि स्वयंपाकघराचा दिवा बहुतेक त्याच्यावरच असतो. तो वेगळा बंद करावा लागतो. दुसरं, भाऊबंदकीत वाटण्या झालेलं घर. मीटर दोन झाले, भिंत मधे आली, पण तारा कोणी वाटून घेतल्या नाहीत. धाकट्याच्या स्वयंपाकघराची फेज थोरल्याच्या मीटरवरून येताना मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिली आहे. तिसरं, उसनी न्यूट्रल. तुमच्या लाइनीची फेज बंद असते, पण ज्या न्यूट्रलचा जोड तुम्ही सोडवता तिच्यावरून शेजारच्या खोलीचा पंखा परत जात असतो. जोड सुटला की ती काळी, निरुपद्रवी म्हणून धरलेली तार झटका देते.

आमची रीत अशी आहे. आधी चालू असलेल्या पॉइंटवर टेस्टर तपासायचा, मग बंद केलेल्या ठिकाणी बघायचं, मग पुन्हा चालू पॉइंटवर, कारण टेस्टर मधल्या वेळात मेलेला असू शकतो. निऑनचा टेस्टर कधी उगाच मिणमिणतो तर कधी लागायला हवा तेव्हा लागत नाही, म्हणून टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटरही लावायचा. घरात किटकॅट फ्यूज (चिनीमातीचे, ओढून काढता येणारे) असतील तर काढलेला फ्यूज खिशात ठेवायचा. बोर्डावर ठेवला तर कोणीतरी ‘लाइट का गेली’ म्हणत तो परत बसवतंच.

स्विच बंद केला तरी एलईडी बल्ब मंद मिणमिणतो. हलवताना ते निस्तरेल का?

निस्तरायलाच हवं. पुष्कळदा त्याचं कारण असं की स्विच फेजवर नसून न्यूट्रलवर बसवलेला आहे. जुन्या बल्बला ते कळत नव्हतं. एलईडीला एवढासा प्रवाहही पुरतो, म्हणून आता दिसतं. मिणमिण हा तसा गौण भाग. स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्टची फेज हजर असते आणि बल्ब बदलणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत, हे खरं दुखणं. स्विच नेहमी फेजच तोडणारा हवा. स्विचमध्ये छोटा इंडिकेटर दिवा असला तरी बल्ब मिणमिणू शकतो, तेव्हा आधी ते बघून घ्या.

भिंत फोडायची की वरून पट्टी मारायची?

भिंत कसली आहे त्यावर सगळं आहे. पट्टी म्हणजे वर सांगितलेलं प्लॅस्टिकचं केसिंग, भिंतीवरूनच तारा नेणारं.

नऊ इंची विटेची भिंत आणि चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा असेल तर झिरी मारा, काही होत नाही. झिरी उभी घ्यायची, वरून खाली. आडवी झिरी भिंतीला करवतीसारखी कापते. ढोबळ नियम असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे पाऊण इंच, त्यात पाइप नीट बसतही नाही. म्हणून आडवं जायचं असेल तर छताजवळून किंवा माळ्याखालून जा आणि नव्या जागेवर सरळ खाली उतरा. पुढे कधी कोणी खिळा ठोकला तरी स्विचच्या सरळ रेषेत तार असणार हे त्याला उमगतं. तिरपी झिरी मारणाऱ्याला घरात घेऊ नका. तो पाइपाचे चार फूट वाचवतो आणि पुढे कोणाच्या तरी कॅलेंडरच्या खिळ्याला तार सापडते.

काँक्रीटचा खांब किंवा तुळई असेल तर छन्नीही लावायची नाही. मातीच्या भिंतीला, जुन्या वाड्यात असते तशी पांढऱ्या मातीची, झिरी मारायला घेतली की बोटभर जागेचा हातभर खड्डा होतो आणि स्क्रूची गिट्टी धरत नाही. तिथे वरून पट्टी. जांभ्याच्या चिऱ्यात झिरी निघते, पण कटरची पाती लवकर झिजतात आणि लाल धुरळा आठवडाभर डब्यांवर बसतो. तिथेही माझं मत पट्टीच्याच बाजूने आहे.

पट्टी म्हटलं की लोक नाक मुरडतात. चौकटीच्या कडेने नीट नेलेली पट्टी भिंतीच्या रंगात रंगवली की पाहुण्यांना दिसत नाही. शिवाय उद्या काही बिघडलं तर झाकण काढून बघता येतं. सागवानी बॅटन शाबूत असेल तर ती फेकू नका, तिच्या आडोशाने नवी पट्टी जाते.

टाइल्स फोडाव्या लागतील का?

दाराकडची भिंत घेतलीत तर नाही. घ्यावीच लागली तर त्याच डिझाइनच्या दोन टाइल्स माळ्यावर आहेत का ते आधी बघा. नसतील तर जागा बदला.

जुन्या स्विचच्या जागेचं काय करायचं?

इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी होते. सोपी वाट अशी असते की जुन्या डब्यातल्या तारांना नव्या तारा पिळायच्या, टेप मारायचा, वरून सिमेंट आणि पुट्टी, रंग, झालं. दिसायला सुरेख. पण जोड भिंतीत गाडला गेला. तो दहा वर्षांनी तापला तर कुठे आहे हे सांगायला ना तुम्ही त्या घरात असाल ना मी. भिंतीत पुरलेला जोड मी करून देत नाही, कितीही गळ घातली तरी.

दोनच रीती बरोबर आहेत. एक, जुन्या डब्यापर्यंत येणाऱ्या सगळ्या तारा मागच्या पॉइंटपासून नव्याने ओढायच्या, म्हणजे जुन्या जागी जोडच उरत नाही. मग खुशाल बुजवा. दुसरी, जुना डबा तसाच ठेवायचा, जोड स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घ्यायचे आणि वर कोरी प्लेट बसवायची. ती दिसते हे खरं. तिच्यावर किल्ल्यांचा हूक लावा, कॅलेंडर टांगा, पण प्लेट निघाली पाहिजे.

गोल लाकडी ठोकळ्यावरचा काळा बेकेलाइटचा स्विच असेल तर तो काढताना जपून काढा. आत कोळिष्टकं, झुरळांची अंडी आणि चुन्याची भुकटी निघेल, पण स्विच स्वतः पुष्कळदा ठणठणीत असतो. त्याचा तो ‘टक्’ असा आवाज नव्या मॉड्युलर स्विचला नाही. वापरू नका, आठवण म्हणून ठेवा.

टू-वे करून घेऊ का?

स्वयंपाकघराला दोन दारं असतील, एक माजघरातून आणि एक मागच्या अंगणात किंवा गॅलरीत, तर डोळे मिटून करा. जुनी जागा आणि नवी जागा यांच्यामध्ये तीन तारा न्याव्या लागतात आणि दोन्ही ठिकाणी टू-वे स्विच बसतात. साधा स्विच चालत नाही, त्याला मागे दोनच स्क्रू असतात, टू-वेला तीन. आज करायचं नसलं तरी पाइपात एक तार जादा ओढून ठेवा, आणि शक्य तर न्यूट्रलही. पुढे कधी स्मार्ट स्विच घ्यावासा वाटला तर बहुतेकांना न्यूट्रल लागते.

नवा बोर्ड होतोच आहे, तर त्यातच मिक्सरचा पॉइंट काढा ना?

मिक्सर एकवेळ समजू शकतो, ७५० वॉटचा म्हणजे सव्वातीन अँपिअर. पण सॉकेट दिसलं की त्यात मिक्सर एकटा राहत नाही. दिवाळीत ओव्हन येतो, सिलेंडर संपला की शेजारची इंडक्शन येते, ती २,००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर ओढते. दिव्यांची लाइन १० पॉइंट किंवा ८०० वॉट या हिशेबाने टाकलेली असते. सॉकेट हवं असेल तर डीबीपासून वेगळी लाइन, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तार, आपला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचं सॉकेट. भिंत फुटतेच आहे तर त्याच झिरीत दुसरा पाइप टाकून घ्या, एवढं ऐका.

आमच्याकडे अर्थिंगच नाही. दोनच तारा आहेत.

जुन्या घरांत हे सर्रास असतं. नव्या जागी पत्र्याचा बॉक्स बसवणार असाल तर त्याला अर्थ हवाच. तो मिळेपर्यंत प्लॅस्टिकचा बॉक्स घ्या. नळाच्या पाइपाला हिरवी तार बांधणं हा जुना जुगाड आज धोक्याचा आहे, कारण मधे कुठेतरी प्लॅस्टिकचा पाइप आलेला असतो आणि अर्थ हवेत लटकतो. अर्थ आणि न्यूट्रल एकत्र पिळणं त्याहून वाईट.

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत घाला. शरीरातून गळती सुरू झाली की तो क्षणात तोडतो, आणि अर्थ नसतानाही ते काम करतो. मात्र जुन्या घरात तो बसवला की सुरुवातीला सारखा पडतो. कुठेतरी गळती असते किंवा ती वर सांगितलेली उसनी न्यूट्रल. वैतागून तो काढून टाकणारे लोक आहेत. कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्र्यालाच हाकलायचं, तसं आहे ते.

सामान काय आणू?

आयएसआय मार्कची तांब्याची १.५ ची तार, आग न पसरवणाऱ्या आवरणाची, लाल, काळी आणि हिरवी. पाइप, बेंड, बॉक्स, प्लेट, ६ अँपिअरचा स्विच, कनेक्टर. दुकानदार ‘हीच घ्या, सगळे हीच नेतात’ म्हणून बिनमार्काचं भेंडोळं पुढे करेल. हातात वजन करून बघा, तांबं कमी असेल तर जाणवतं.

पावसाळ्यात करता येईल?

पट्टीचं काम येईल. झिरीचं टाळा. ओल्या भिंतीत गिलावा वाळत नाही, पुट्टी फुगते आणि डब्यात पाणी उतरतं. दसऱ्यानंतर घ्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र कोणी वायरमन भेटेल ही आशा सोडा.

घर पागडीचं आहे. परवानगी लागते का?

मालकाला लेखी कळवा, भिंत फोडणार असाल तर नक्कीच. मीटरच्या पुढचं वायरिंग तुमचं, पण मीटर आणि त्याचं सील वीज कंपनीचं. त्याला मी हात लावत नाही आणि ‘लावतो’ म्हणणाऱ्याला लावू देऊ नका.

स्विच न हलवता काही सोय होते का?

होते. बिनतारी स्विच मिळतो. भिंतीला चिकटवायचा, आणि दिव्यापाशी किंवा जुन्या बोर्डात त्याचं रिसिव्हर बसवायचं. मातीची भिंत असलेल्यांना मी आता हेच सुचवतो. बॅटरीवाला असेल तर ती बदलायची आठवण ठेवा. आतल्या सडलेल्या तारेवर मात्र हे औषध नाही, ती तशीच राहते.

काम झाल्यावर काय बघायचं?

गिलावा मारायच्या आधी, झिरी उघडी असताना, शेजारी टेप धरून फोटो काढा. हा फोटो पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो. वायरमनकडे मेगर (तारांचं आवरण किती शाबूत आहे हे मोजणारं यंत्र) असेल तर ५०० व्होल्टवर चाचणी करून घ्या, सगळी उपकरणं आणि बल्ब काढून. निदान १ मेगाओहम आलं पाहिजे. मग टेस्टरने बघा की स्विच बंद केल्यावर होल्डरमध्ये फेज उरत नाही. मोरी, देवघर, जिना, सगळे दिवे लावून बघा, शेजाऱ्यालाही विचारा. शेवटी दिवा तासभर चालू ठेवून प्लेटवर तळवा टेकवा. कोमट लागलं तर त्याच दिवशी परत बोलवा.

आईचा हात अजून जुन्याच जागी जातो. काय करू?

दोन-तीन महिने जातो, मग बहुतेकांचा सुटतो. सगळ्यांचा नाही. एका घरी मी स्विच फ्रिजमागून काढून दाराच्या कडीकडे आणला आणि जुन्या जागी कोरी प्लेट बसवली. सहा महिन्यांनी गीझरच्या कामाला पुन्हा गेलो तर नवा स्विच लखलखीत होता, आणि फ्रिजच्या फटीतल्या कोऱ्या प्लेटवर मधोमध तेलकट बोटांचा काळपट गोल उमटला होता. आजी म्हणाल्या, ‘बरा आलास, हा तू बसवलेला लागत नाही बघ.’ पाइपात एक तार जादा ओढून ठेवलेली होती. गीझर बाजूला ठेवला, गाडीतून दोन टू-वे स्विच काढून आणले आणि आधी जुन्या जागेचा स्विच लावून दिला.